जिवंत माल, लवकर पोचवा

खोक्यावर हेच छापलं होतं, लाल अक्षरात,
आणि वरची बाजू कुठली ते सांगणारा बाण.
बाण जमिनीकडे होता.
गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी
मीच ते बोटीवरून उतरवून घेतलं.
न्यूफाउंडलंडच्या आमच्या खाडीत बर्फ अजून कुरकुरत होता
आणि जमीन म्हणाल तर ऐरण.

एफी स्नूकनं जानेवारीतच लिहून कळवलं होतं,
मास्तरणीच्या ठसठशीत अक्षरात :
जूनच्या आधी पाठवू नये.
आमच्याकडे वसंत उशिरा येतो,
एखाद्या वर्षी येतच नाही.
पण तिकडे ओंटारिओत नर्सरीच्या दारात चेरी फुलली
की त्यांना वाटतं, अख्ख्या देशाला पालवी फुटली.

मंगळवारी तिच्या ओट्यावर खोकं उघडलं.
कॅटलॉगात नासपती होत्या बाळाच्या डोक्याएवढ्या,
गूजबेरीच्या घोसांनी वाकलेल्या फांद्या,
एक हसरी बाई, पांढरे हातमोजे घातलेली.
खोक्यात सहा काड्या.
एकीच्या गळ्यात चिठ्ठी : वेली गुलाब, गडद लाल.
गुलाब तिनं मागवलाच नव्हता.

तोंडाला पानं पुसायची म्हटलं
तरी एखादं पान लागतंच की.

तिनं नखानं साल खरवडली.
जीव असला तर आत हिरवं दिसतं.
तिनं काडी माझ्यापुढे धरली,
जसा मी डॉक्टर आहे.

मग फोन. एक दाबा, चार दाबा,
तुमचा वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे,
तेच ते फिडल सत्तेचाळीस मिनिटं.
माझा चहा दोनदा गार झाला.
शेवटी ब्रेडन नावाचा एक मुलगा, फार गोड बोलणारा :
फोटो पाठवा, मॅडम, शेजारी फूटपट्टी ठेवून.
फूटपट्टी मी धरली. फोटो मी काढला.
मेलेल्या काडीची लांबी एकोणीस इंच भरली.

ब्रेडन म्हणाला, माफ करा,
पार्सल पोचल्यापासून बहात्तर तासांत कळवायला हवं होतं.
एफी म्हणाली, अरे, आत्ता उघडलं, दोर अजून टेबलावर आहे.
ब्रेडन म्हणाला, आमच्या नोंदीत गुरुवार आहे.

गुरुवार.
त्या दिवशी रस्ता बंद होता, हात बधिर होते,
आणि हातातलं ते यंत्र टीं टीं करून डोकं उठवत होतं.
मी दाबलं : पोचलं.
यंत्र गप्प झालं.
खोकं ईस्टरचे चार दिवस टपालाच्या मागच्या खोलीत,
हीटरला टेकून.

मी बशीत बघत राहिलो.

तिला वाटाण्याच्या अक्षता मिळाल्या :
पुढच्या खरेदीवर वीस टक्के सूट,
मुदत एकतीस मेपर्यंत.
त्या तारखेला आमच्या धक्क्यासमोर
चर्चएवढा एक हिमनग येऊन उभा होता.

रात्री मी कंपनीला लिहिलं. सगळं.
चूक माझी, बाईंची नाही,
पैसे परत करा, हवं तर माझ्याकडून घ्या.
सकाळी उत्तर हजर :
आमच्या सेवेला एक ते पाच तारे द्या.

ऑगस्टपर्यंत मी तिच्याकडे चहाला थांबलो नाही.
बिलं, पेन्शनचा चेक, दारातल्या फटीतून आत,
आणि पाय उचलून पुढच्या घराकडे.
एकदा तिनंच कुंपणापाशी अडवलं.
म्हणाली, हेडली,
तुझं ते यंत्र गावभर ऐकू येतं.
त्या गुरुवारी मी पायरीवर बर्फ ओढत होते.
आलं वाटतं माझं खोकं, म्हणाले,
आणि किटली ठेवली.

मला काही सुचेना. टोपी काढली, परत घातली.

तिच्यामागे वाफ्यात सहा काड्या,
सरळ ओळीत, एकीच्या गळ्यात अजून ती गुलाबाची चिठ्ठी,
आणि त्यांच्यावर कमरेपर्यंत चढलेला
वाटाणा.
तिनं ओंजळभर शेंगा माझ्या टपालाच्या पिशवीत टाकल्या,
पत्रांवरच.